जोतीरामाने पारखलेली जीप

मंद्रूपच्या पंचक्रोशीत कुणाला बैल घ्यायचा असला की त्याने आधी जोतीरामाला गाठायचं, असा रिवाजच पडून गेला होता. सोलापूरच्या जत्रेतल्या जनावरांच्या बाजारात जोतीराम बरोबर असला की घेणारा निर्धास्त आणि विकणारा कासावीस. तो बोलायचा काही नाही. बैलाभोवती सावकाश एक फेरी मारायचा, दात बघायचा, खूर उचलून बघायचा, पाठीवर थाप मारून कातडी कशी थरथरते ते बघायचा, आणि सगळ्या बाजाराची नजर ज्याच्यावर खिळलेली असे तो देखणा बैल सोडून कडेच्या एखाद्या मळकट जनावराची वेसण धरायचा. बैल घरी आणला की त्याची शेवटची परीक्षा ठरलेली. पाणी सोडून चिखल केलेल्या रानात भरलेली गाडी उभी करायची, तिची चाकं साखळीने बांधायची आणि बैलाला ओढायला लावायचं. जो गुडघे टेकेल तो परत बाजारात. असा हा माणूस शहात्तर सालच्या उन्हाळ्यात बैल सोडून मोटारी बघत सोलापुरात हिंडायला लागला, तेव्हा लोकांना हसू आलं यात नवल नव्हतं.

हसणाऱ्यांना कारण माहीत नव्हतं असं मात्र नाही. चांगलं माहीत होतं. त्याच्यासमोर ते कुणी काढत नव्हतं इतकंच.

जोतीरामाची वस्ती मंद्रूपपासून तीन कोस आत, भीमेच्या अंगाला. जमीन काळीभोर, कुणालाही हेवा वाटावा अशी. मालदांडी ज्वारी डोक्यावरून जायची, विहिरीला बारमाही पाणी, ऊस उभा. पण हीच जमीन पावसाळ्यात माणसाच्या जिवावर उठायची. उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडायच्या आणि हस्ताचा पाऊस लागला की ती लोण्यासारखी मऊ व्हायची. चार पावलं चाललं की पायाला शेरभर माती. बैलगाडीच्या आऱ्यांमध्ये चिखल भरला की चाक म्हणजे नुसती मातीची थाळी. वस्ती आणि मंद्रूप यांच्यामध्ये एक ओढा होता, आणि ओढ्याच्या अलीकडे, वस्तीच्या बाजूला, एक खोलगट जागा होती. दुष्काळात लोकांनी त्या रस्त्यासाठी खडी फोडली होती, पण ती मंद्रूपच्या बाहेर ढिगाऱ्यानेच राहिली. तिच्यावर आता बाभळी उगवल्या होत्या.

सहा वर्षांपूर्वी हस्ताच्या पावसात त्या खोलगट जागेत जोतीरामाची गाडी रुतली. गाडीत त्याची थोरली लेक वच्छला होती. पहिलं बाळंतपण म्हणून सोलापूरच्या चाळीतल्या सासरहून माहेरी आणलेली. दोन दिवस कळा देऊन सुटका होईना, तेव्हा सुईणीनेच हात जोडले आणि सोलापूरला न्या म्हणाली. जोतीरामाने आपल्या हाताने पारखलेली जोडी जुंपली. तालुक्यात तशी जोडी नव्हती. त्या जोडीने जीव तोडून ओढलं आणि शेवटी दोन्ही बैल चिखलात बसले. वच्छलाचं डोकं धाकट्या बहिणीच्या, मुक्ताच्या मांडीवर होतं. तिला खांद्यावर घेऊन निघू, असं बरोबरची माणसं म्हणेपर्यंत सगळं आटोपलं होतं. पोटातलं मूल जगात आलंच नाही.

त्यानंतर जोतीरामाने ती जोडी विकून टाकली. बैलांचा काय दोष, असं बायकोने, बजाबाईने विचारलं, तेव्हा तो म्हणाला, "दोष बैलाचाच. दुसरा कुनाचा?" हे वाक्य तो सहा वर्षं मनाशी घोळवत राहिला. बैल कमी पडले. गाडी कमी पडली. वाट कमी पडली. माणसाला असं काही धरून ठेवायला लागतं, नाहीतर सकाळी उठून औत धरायचं कसं?

आता मुक्ताचं लग्न होऊन ती सोलापुरात नांदत होती. नवरा एस.टी.त कंडक्टर. चैत्रात निरोप आला की मुक्ताला दिवस गेलेत. बजाबाईने बोटांवर महिने मोजले आणि ती चुलीपुढे बसून राहिली. जोतीरामानेही मोजले. हिशोब नेमका हस्तावरच येत होता. त्याच दिवशी तो मंद्रूपला गेला आणि धाकट्या भावाला, बाळासोला म्हणाला, "आपल्याला मोटार घ्यायची हाय."

बाळासोचं मंद्रूपच्या बाजारात खताचं दुकान होतं आणि राहायलाही तो दुकानावरच होता. मोटारीचं स्वप्न त्याने किती तरी दिवस उराशी धरलं होतं. तो हरखून गेला. फक्त त्याच्या स्वप्नातली मोटार म्हणजे पांढरी अँबॅसिडर.

"आण्णा, गाडी रोज वापरायची म्हनजे कशी पायजे? सोलापूरला जायाला, मालाला, लगीनकार्याला. बायकामानसं बसली तर अंग मोडलं न्हाय पायजे. काचा वर केल्या की धूळ न्हाय, पानी न्हाय."

"वड्यात उतरंल का?"

"वड्यात कशाला उतरायची? वड्याच्या अलीकडं लावायची की!"

"मंग ती काय कामाची," जोतीराम म्हणाला आणि तंबाखू मळायला लागला. वाद घालायचा त्याचा स्वभाव नव्हता. त्याला पटलं नाही म्हणजे विषय मिटला, असं तो धरून चालायचा, आणि घरातल्या सगळ्यांनी त्याला तशी सवय लावून ठेवली होती.

विजापूर वेशीपाशी मकदूमचं गॅरेज होतं. पत्र्याचं छप्पर, तेलाने काळी झालेली जमीन, आणि मकदूम स्वतः तसाच, तेलकट आणि हसतमुख. जुन्या गाड्या घेऊन, दुरुस्त करून तो विकायचा. दोघे भाऊ त्याच्याकडे गेले. एका बाजूला अँबॅसिडर उभी होती, नुकतीच पॉलिश केलेली. बाळासो तिच्यापाशी गेला तो तिथेच रमला. दार उघडून बस, दार लावून बघ, आरशात भांग बघ. जोतीरामाची नजर मात्र कडेला गेली होती. तिथे लष्कराच्या लिलावातून निघालेली एक जीप होती. शेवाळी रंग उडालेला, कापडी हुडाला ठिगळं, पुढची एक काच तडकलेली.

जोतीरामाने जीपभोवती एक फेरी मारली. वाकून चाकं बघितली, टायरच्या खाचांत बोट घालून बघितलं. मग सरळ उताणा पडून तो गाडीखाली गेला आणि बराच वेळ बाहेर आलाच नाही.

"भाऊ, दात बी हैं क्या देखो," मकदूम हसत म्हणाला.

"हिच्यात आनि त्या गाडीत फरक काय?" जोतीरामाने खालूनच विचारलं.

मकदूमने समजावून सांगितलं. त्या गाडीची मागची दोनच चाकं ओढतात. हिला एक जादा दांडा आहे. तो ओढला की पुढची दोन्ही चाकंपण ओढायला लागतात. शिवाय हिचं पोट उंच, दगडधोंड्याला घासत नाही. "लेकिन सच बोलता हूँ भाऊ, पेट्रोल बहोत पीती. और रोजके वास्ते अंग हलवून टाकती."

जोतीराम बाहेर आला. पाठीला लागलेलं तेल त्याच्या गावीही नव्हतं. चार बैल, त्याच्या मनात आलं. दोनाच्या जागी चार बैल. सहा वर्षांपूर्वी पुढे अजून एक जोडी असती तर? हा प्रश्न त्याने स्वतःला हजार वेळा विचारला होता, आणि आज त्याचं उत्तर लोखंडाचं होऊन समोर उभं होतं.

बाळासोने जमेल तेवढी कुरकुर केली. पेट्रोलचे भाव आभाळाला भिडलेत, ही गाडी लग्नात कुठल्या तोंडाने न्यायची, लोक म्हणतील पोलीस आले. जोतीरामाने ऐकून घेतलं. मग मकदूमला म्हणाला, "गाडी वस्तीवर आन. चिखलात घालून बगतो. न्हाय बसली तर घेतो."

वैशाखात चिखल कुठला? जोतीरामाने तो केला. घरामागच्या पडीक रानात त्याने विहिरीचं पाणी सोडलं आणि दोन दिवस ते धरून ठेवलं. उसाचं पाणी तोडून रिकाम्या रानाला पाजणारा माणूस बघायला आजूबाजूच्या वस्त्यांवरची माणसं गोळा झाली. शेजारचा बिरप्पा बांधावर ऐसपैस बसला. "आण्णा, हितं मोटार पेरनार हायसा जनू," तो म्हणाला. सगळे हसले. जोतीराम हसला नाही. तो चिखलात उतरून पाय रोवत होता, किती जातो ते बघत होता.

मकदूमने जादा दांडा ओढला आणि जीप रानात घातली. मागून चिखलाचे फवारे उडाले. जीप एकदा डावीकडे घसरली, घरघरली, आणि मग खाली मुंडी घालून सरळ पलीकडच्या बांधावर चढली. तिथून फिरली आणि परत आली. पोरं ओरडली. बिरप्पाने पटका उडवला. जोतीरामाच्या डोळ्यांत पाणी आलं, ते त्याने घाम पुसल्यासारखं पुसलं. "पुन्यांदा घाल," तो म्हणाला. मकदूमने पुन्हा घातली. पुन्हा गेली. मागे पोत्यांचं ओझं टाकून घातली. तरी गेली.

बजाबाई दारात उभी होती. जीपला कुंकू लावायला तिला बोलावलं तेव्हा तिने ताट आणलं, कुंकू लावलं, लिंबं चाकाखाली ठेवली. आणि ती परत आत गेली.

पुढचे दोन महिने वस्तीवर जीपचंच राज्य होतं. जोतीराम पन्नाशीत गाडी शिकला. ब्रेक मारताना पायाबरोबर तोंडानेही "व्हो, व्हो" म्हणायचा, ती सवय काही केल्या जाईना. बाळासोने खताची पोती, पेंडीची पोती, आठवडी बाजाराची गिऱ्हाइकं, सगळं तिच्यातून वाहिलं आणि पेट्रोल भरताना भावाच्या नावाने बोटं मोडली. एकदा बायकोला घेऊन तो सोलापूरला गेला तर ती परत येताना एस.टी.ने आली. रोजच्या कामाला ही गाडी म्हणजे अंगाला घातलेलं घोंगडं होतं, उपयोगाचं पण टोचणारं. जोतीरामाला याचं काही वाटत नव्हतं. त्याने ती रोजसाठी घेतलीच नव्हती. एका दिवसासाठी घेतली होती.

श्रावणात मुक्ताला सातवा लागला तसा तो तिला आणायला निघाला. जीप धुतली. नवीन धोतर नेसला. सोलापुरात मुक्ताच्या चाळीपुढे त्याने गाडी लावली तेव्हा खिडक्यांतून माणसं डोकावली आणि त्याला बरं वाटलं. मुक्ताने चहा केला. सासूने रीतीप्रमाणे विचारपूस केली आणि बापलेकीला बोलू द्यावं म्हणून ती शेजारी गेली.

"चल, आवर," जोतीराम म्हणाला. "ऊन हाय तवर निघू."

मुक्ता कपबशी धूत होती. पाठमोरीच म्हणाली, "आबा, म्या न्हाय येनार."

"म्हंजे? सासू न्हाय म्हनती का?"

"त्या कशाला न्हाय म्हनतील? म्याच न्हाय येनार. हितं दवाखाना जवळ हाय. आईलाच हिकडं धाडा की."

जोतीरामाला आधी ती काय म्हणते ते कळलंच नाही. पहिलं बाळंतपण, आणि माहेरी नाही? उद्या लोक काय म्हणतील? बाप मेला का हिचा? त्याने ते बोलूनही दाखवलं, आणि मग आवाज खाली आणून, समजूत घातल्यासारखं म्हणाला, "आगं, तुला भ्या वाटतंय ते मला कळतंय. पर आता जीप हाय की. तुझ्यासाठीच घेतलीया. चिखलात घालून बगितलीया म्या. चारी चाकं वडतात तिची."

मुक्ता वळली. हातातली कपबशी तिने खाली ठेवली. "आबा, म्या त्या गाडीत हुते. अक्काचं डोस्कं माझ्या मांडीवर हुतं. चौदा वर्सांची हुते म्या. तुमी पुढं बैलास्नी मारत हुतासा. तुमाला तिचं तोंड दिसत न्हवतं. मला दिसत हुतं."

"म्हनून तर…"

"आनि अक्का बी हेच म्हनली हुती तुमाला. तुमी तिला न्यायला आल्तासा तवा. हितंच ऱ्हाते म्हनली हुती. तुमी हसलासा. म्हनलासा, माज्या लेकीचं पैलं पोर चाळीत न्हाय जन्मायचं."

जोतीराम उठला. चहा तसाच राहिला. "लई शिकलीस," एवढंच तो म्हणाला. जिना तो दोन-दोन पायऱ्या गाळत उतरला. वाटेत त्याने मुक्ताला, तिच्या सासरला, सोलापूर शहराला आणि शाळा काढणाऱ्या सगळ्यांना शिव्या घातल्या. बाप जीव तोडून लेकीसाठी एवढं करतो आणि लेक मेलेल्या माणसाचे शब्द काढून तोंडावर फेकते! वस्तीवर रिकामी जीप आलेली बिरप्पाने बघितली आणि विचारलं, "लेक कुटं हाय?" जोतीरामाने गाडी घरामागे नेऊन लावली. 

बजाबाईला त्याने सांगितलं तेव्हा तिने चुलीतली लाकडं मागे ओढली. मग म्हणाली, "म्या जाते तिच्याकडं."

"कुनी जायाचं न्हाय. येऊ दे तिला हिकडं नाक घासत."

"तुमी ऱ्हावा," बजाबाई म्हणाली. तीस वर्षांच्या संसारात तिने त्याचा शब्द ओलांडला नव्हता. भाद्रपद सरता सरता तिने डिंक, हळीव, खारीक, जुनी लुगडी असं गाठोडं बांधलं आणि एका सकाळी ती मंद्रूपपर्यंत चालत जाऊन एस.टी.त बसली. जीपमधून सोड, असं तिने म्हटलं नाही. जोतीरामाला हेच जास्त झोंबलं.

मग वस्तीवर तो एकटा उरला. हाताने भाकरी थापायची, जळायची, तीच खायची. संध्याकाळी जीपच्या पायरीवर बसून राहायचं. मुक्ताचे शब्द तो पुन्हा पुन्हा खोडून काढत होता. तवा बैल हुते, आता जीप हाय. तवाची गोष्ट येगळी. पण शब्द असे हट्टी की एकदा खोडले की दुसऱ्या दाराने आत. वच्छलाला आणायला तो गेला होता तो दिवस त्याला लख्ख आठवत होता. ती हसत हसतच म्हणाली होती, हितंच ऱ्हाऊ का आबा, आणि तोही हसतच नाही म्हणाला होता. भांडण नाही, तंटा नाही. इतकी साधी गोष्ट होती ती.

हस्त लागला आणि पावसाने वर्दी दिल्यासारखी हजेरी लावली. पहिल्या दिवशी सर आली, गेली. दुसऱ्या दिवसापासून जी झड धरली ती सुटेना. ओढा भरून आला, मग थोडा ओसरला. पाचव्या दिवशी सकाळी पाऊस जरा उणावला तशी जोतीरामाच्या डोक्यात एक गोष्ट पक्की झाली. आजच जायचं. ह्याच चिखलातून जीप काढायची, सोलापुरात चाळीपुढे उभी करायची आणि पोरीला म्हणायचं, बघ चाकाला कुठला चिखल लागलाय. मग ती काय म्हणेल? मग ती मुकाट्याने गाडीत बसेल. आणि ती एकदा बसली की सहा वर्षांपूर्वीचं सगळं बैलांच्या माथी मारून मोकळं होता येईल. हे शेवटचं त्याने स्वतःशीही धड कबूल केलं नाही, पण गाडीला चावी लावताना त्याचा हात ज्या घाईने चालला होता ती घाई त्या मोकळं होण्याचीच होती.

जीपच्या मागच्या बाजूला त्याने गादी अंथरली. वर दोन गोधड्या घातल्या, डोक्याकडे उशी ठेवली, पाऊस आत येऊ नये म्हणून हुडाला पोती बांधली. बिरप्पा डोक्यावर पोत्याची खोळ घेऊन आला. "आण्णा, येडं का काय? जनावर जात न्हाय आज तितनं."

"ही जनावर न्हाय," जोतीराम म्हणाला.

निम्मी वाट जीपने ओढून काढली. घसरत, तिरकी होत, पण काढली. जोतीरामाचा ऊर भरून आला. "व्हय बाई, व्हय," तो तिला म्हणत होता. ओढ्याच्या अलीकडच्या त्या खोलगट जागेपाशी आल्यावर त्याने जादा दांडा ओढून घेतला आणि पाय दाबला. जीप उतरली. दहाएक हात गेली. मग पुढचा भाग खाली बसला, कुणी खालून हात धरून ओढावं तसा. त्याने आणखी पाय दाबला. चारी चाकं फिरत होती, चारी चाकं चिखल उडवत होती, आणि गाडी जागची हलत नव्हती. हलत होती ती फक्त खाली. बघता बघता तिचं ते उंच पोट चिखलावर टेकलं.

तो उतरला तसा गुडघ्यापर्यंत आत गेला. चाकापाशी बसून त्याने हाताने चिखल उपसायला सुरुवात केली. हात कोपरापर्यंत गेला तरी खाली नुसतं मऊच. मग खांद्यापर्यंत घातला. तरी बोटांना घट्ट असं काही लागेना. तिथे तो थांबला. उन्हाळ्यात त्याने रान भिजवलं होतं ते दोन दिवस. दोन दिवसांच्या पाण्याने काळं रान भिजून भिजून किती भिजतं? वीतभर. वरची वीतभर माती मऊ, आणि खाली उन्हाने भाजलेली जमीन, फरशीसारखी टणक. जीप चिखलातून गेलीच नव्हती. ती फरशीवरून गेली होती. पाटाचं पाणी आणि हस्ताचा पाऊस यात फरक काय, हे वस्तीवरचं शेंबडं पोरही सांगेल. जोतीरामाची सगळी हयात याच मातीत गेली होती, आणि त्यालाच ते सुचलं नव्हतं. सुचायला नको होतं म्हणून सुचलं नव्हतं.

पाऊस पुन्हा जोरात आला. तो गाडीत चढून बसला आणि का कोण जाणे, मागे वळून बघितलं. गादीवर गोधड्या नीट अंथरलेल्या होत्या. उशी कोरडी होती. तिथे मुक्ता नव्हती. ती इथे असती तर आत्ता ओरडत असती, आणि तो पुढे बसून पाय दाबत असता, सहा वर्षांपूर्वी बैलांना मारत होता तसाच, आणि याही वेळी त्याला तिचं तोंड दिसलं नसतं.  "बरं झालं," तो मोठ्याने म्हणाला. "बरं झालं पोरी, आली न्हाईस." आणि मग स्टीअरिंगवर डोकं टेकून तो जो रडला तो मुक्तासाठी नव्हता. वच्छला सोलापुरातच राहिली असती तर सुखरूप बाळंत झाली असती. तिने मागितलं होतं. बैल चांगले होते.

जीप तिथेच सोडून तो कमरेएवढ्या पाण्यातून ओढा ओलांडून गेला आणि मंद्रूपला पोचेपर्यंत दुपार कलली. बाळासो दुकानाच्या फळीवर उभा राहून वाटच बघत होता. भावाला त्या अवतारात बघून तो पुढे धावला.

"आण्णा, परवाच निरोप आलाय जावयांच्या हातून, पर वस्तीवर मानूस धाडू कसा? मुक्ता बाळंत झाली. पोर आडवं हुतं म्हनं. पोट फाडून काढलं. मुलगी हाय. दोगी बी जित्या हायत."

जोतीराम फळीवर बसला. परवा. म्हणजे निम्मा पाऊसही पडून झाला नव्हता तेव्हा. पोर आडवं होतं. सुईणीने पुन्हा हात जोडले असते. "जीप कुटं हाय?" बाळासो विचारत होता. जोतीरामाने हाताने ओढ्याच्या दिशेला दाखवलं आणि सोलापूरची एस.टी. किती वाजता आहे ते विचारलं.

दवाखान्यात त्या संध्याकाळी आत सोडलं नाही. रात्र त्याने व्हरांड्यात भिंतीला टेकून काढली. सकाळी बजाबाई बाहेर आली, त्याला बघून थबकली आणि त्याला आत घेऊन गेली. मुक्ता खाटेवर पडून होती, ओठ सुकलेले. शेजारी आईच्या जुन्या लुगड्यात गुंडाळलेलं पोर झोपलं होतं. मुक्ताने बापाला बघितलं. तो भांडायला आलाय की काय, अशी भीती तिच्या डोळ्यांत होती, आणि ती बघून जोतीरामाला शरमेने कुठे लपावं ते कळेना.

"आबा, जीप घिऊन आलासा?"

"न्हाय. वड्याच्या अलीकडं रुतलीया. मंद्रूपपतोर चालत आलो."

मुक्ताची नजर त्याच्या पायांवर गेली. गुडघ्याच्या वरपर्यंत काळी माती वाळून तडकली होती. कुठली जागा ते तिला सांगावं लागलं नाही. ती भिंतीकडे तोंड करून रडायला लागली. टाके दुखतील म्हणून बजाबाईने तिला दटावलं.

जोतीराम खाटेच्या पायथ्याशी खाली जमिनीवर बसला. पोराला हात लावायचा त्याला धीर होईना. मग तो म्हणाला, "वच्छीला बी हितंच ठिवायला पायजे हुती."

बजाबाई लंगोटांच्या घड्या घालत होती. तिचे हात थांबले. सहा वर्षं तिने या एका वाक्याची वाट बघितली होती, हे तिच्याकडे बघूनच त्याला कळलं. ती काहीतरी बोलेल, शिव्या देईल, निदान रडेल, असं त्याला वाटलं. पण तिने त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही. हातातली घडी पूर्ण केली आणि पुढचं लंगोट उचललं.